एकाच मुलखाच्या दोन लेकी

श्रावण लागला की आमच्या खामगावच्या आसपास दोन तीजा साजऱ्या होतात. पहिली मारवाडी घरांतली. वद्य तृतीयेला बायकांचा दिवसभर कडक उपास. संध्याकाळी कडुनिंबाच्या फांदीची पूजा, आणि चंद्र दिसला की सातूवर उपास सोडायचा. आठ दिवस आधीपासून गल्लीत सातू भाजल्याचा खमंग वास! दुसरी तीज मेहकर-लोणारच्या अंगाला, बंजारा तांड्यांवरची. तिथे लग्न न झालेल्या मुली टोपलीत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात. रोज पाणी घालतात, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते कोवळे कोंब वाजतगाजत नेऊन शिरवतात.

मैत्रिणींनो, या दोन्ही तीजांचं मूळ एकच, राजस्थान. मारवाडी आजी 'म्हारो, थारो' म्हणतात, तांड्यावरची याडी, म्हणजे आई, 'मारो, तारो' म्हणते. एकीचा घागरा, दुसरीचा फेटिया. दोघींच्या खापरपणज्या एकाच बाजूच्या वाळूतून चालत आपल्या वऱ्हाडात आल्या. मग आज एकीच्या घराण्याचं नाव जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर का, आणि दुसरीच्या घरची माणसं दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला का निघतात?

हा प्रश्न मला पुस्तकात पडला नाही. बचत गटांचं काम मी गेली बरीच वर्षं करते. आमच्या एका गटात तांड्यावरून शहरात राहायला आलेल्या दोन बायकांना घ्यायचं की नाही, यावर बैठक बसली. एक ताई म्हणाल्या, "त्यायचं काही खरं नाही वो. आज इथं, उद्या कारखान्यावर. हप्ता कोन भरन?" दुसरीने री ओढली, "मारवाड्यायच्या रक्तातच धंदा असते, आन् यायच्या रक्तात भटकनं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणाऱ्या बायका वाईट नव्हत्या बरं का. अडीअडचणीला धावून जाणाऱ्याच होत्या. पण हे 'रक्त' काही माझ्या गळी उतरेना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, त्याचा एवढा तरी उपयोग! मी वाचनालयातून पुस्तकं आणली, वयस्कर मंडळींशी बोलले आणि आपल्याच गावाचा जुना हिशेब मांडून बघितला.

आधी तांड्याचं बघू. आज ज्यांना आपण 'भटके' म्हणतो, ते बंजारा त्या काळचे वाहतूकदार होते. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्सपोर्ट कंपनीच! हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ, कापूस या मुलखातून त्या मुलखात न्यायचा, याला त्यांच्या बोलीत 'लदेणी' म्हणतात. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, तेव्हा त्यांना धान्य पुरवत बंजारा आले. १८०३ साली आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात आडगावची लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचं पोटही बंजाऱ्यांच्याच बैलांवर अवलंबून होतं. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. म्हणजे धंदा यांच्याही 'रक्तात' होताच की!

मग काय बिघडलं? बिघडलं ते आपल्या खामगावच्या स्टेशनवर.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मिळेना, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली. खामगाव ही तर कापसाची नामांकित पेठ. तिच्यासाठी जलंबपासून आठ मैलांचा खास फाटा टाकला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! कापसाचं मोल असं होतं.

या एका फाट्याने दोन समाजांचं नशीब दोन दिशांना नेलं. बैलांना महिने लागायचे, तो माल गाडीने दोन-चार दिवसांत मुंबईला जाऊ लागला. मीठही गाडीनेच येऊ लागलं. लदेणी बसली. बैलांचे कळप चारायला जंगल लागायचं, तर जंगलं राखीव झाली. पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय एका पिढीत गेला. तांडे डोंगराच्या पायथ्याशी, कोरडवाहू जमिनीच्या कडेला बसले आणि मोळीविक्री, गुरंपालन, शेतमजुरीवर आले.

त्याच गाडीने मारवाडी व्यापाऱ्याला मुंबईची बाजारपेठ दाराशी आणून दिली. तारेने भाव कळू लागले, जिन-प्रेस उभे राहिले, गठाणी बांधून थेट बंदरावर जाऊ लागल्या. आमच्या ओळखीतल्या एक मारवाडी आजी मोठ्या अभिमानाने सांगतात, "म्हारे ससुरजी के दादाजी लोटा-डोरी लेके आये थे." पाणी शेंदायला लोटा आणि दोरी, बाकी हात रिकामे. कष्ट खरेच होते. त्या पिढीने उपाशीपोटी वणवण केली, परमुलखात दुकानाच्या ओट्यावर रात्री काढल्या. पण मी आजींना खोदून खोदून विचारलं, "इथे आल्यावर ते पहिल्या रात्री जेवले कुठे?" त्या हसून म्हणाल्या, "बासे में, और कहाँ?" बासा म्हणजे जातभाईंनी चालवलेली खाणावळ. नवा पोरगा आला की बासात जेवायचा, एखाद्या पेढीवर मुनिमाच्या हाताखाली वही लिहायला शिकायचा, मग पेढीच त्याला उधारीवर माल देऊन छोटं दुकान घालून द्यायची. हुंडी लिहिली की बिकानेरची पत नागपूरला चालायची. अशी पाठीशी पेढी असली, तर लोटा-डोरीचीही दुकानं होतात!

आणि सगळंच काही गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. सावकारीत कुणब्यांच्या जमिनी गेल्या. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तो राग उगाच नव्हता. शिवाय प्रत्येक मारवाडी काही शेठ नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्या लिहिणारे मुनीमही त्यांच्यातच होते.

आता कायद्याकडे वळू. खामगावचा फाटा सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७१ साली, इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' आणला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, १९११ मध्ये देशभर लागू झाला. फिरस्ते म्हणजे चोर, जन्मतःच गुन्हेगार, अशी ती समजूत. ठिकठिकाणी बंजाऱ्यांचीही नावं त्या यादीत गेली. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. ज्याला जन्मतःच चोर ठरवलं, त्याला उधारी कोण देणार? व्यापारी वह्या लिहीत होता तेव्हा तांड्याची नोंद ठाण्याच्या रजिस्टरात होत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या, म्हणून 'विमुक्त' हा शब्द आला. कायदा गेला, पण संशय कुठे गेला? आमच्या बैठकीत तोच तर बोलला!

बायकांच्या वाट्याला काय आलं, तेही बघू या. पैसा आला म्हणजे बाईला सुख आलं, असं सरळ गणित नाही. मारवाडी घरांत घुंघट होता, लहानपणी लग्नं होती, आणि पेढीच्या वहीत लेकीचं नाव नव्हतं. आपल्या वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज आठवा. श्रीमंत घरची सून, पण पडदा सोडला, अंगावरचे दागिने उतरवले, खादी धरली. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि सगळ्या देशात २००५ साल उजाडावं लागलं.

तांड्यावरची बाई त्या मानाने मोकळी. ती नवऱ्याच्या बरोबरीने रानात राबली, बाजार करून आली. पण तिची सगळी ठेव अंगावर. आमचं खामगाव चांदीच्या व्यापारासाठी 'रजतनगरी' म्हणून ओळखलं जातं ना? दुष्काळाच्या वर्षी हीच अंगावरची चांदी मोडीत निघते. व्यापारी घरच्या पैशाला व्याज लागतं, तिच्या चांदीला घट लागते. आणि पाऊस हुकला की कोयता! नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस पडली तर खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या कष्टकरी बायका अनेक जातींच्या होत्या, तांड्यांवरच्याही होत्या.

इथे एक मैत्रीण मला हमखास अडवते. "अगं, ते सगळं खरं. पण सिंधी लोकांचं काय? ते तर नेसत्या वस्त्रानिशी आले. मग ते कसे वर आले?" प्रश्न अगदी योग्य आहे!

१९४७ च्या फाळणीनंतर दहा लाखांहून जास्त सिंधी हिंदू घरदार सोडून भारतात आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली. तिथेच १९४९ साली उल्हासनगर वसलं. आपल्याकडे नागपूर, अमरावती, अकोल्यातही वस्त्या झाल्या. बायकांनी बराकीत पापड लाटले, मुलांनी आगगाडीत गोळ्या-बिस्किटं विकली. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण नीट बघा. सरकारने त्यांना 'विस्थापित' म्हटलं, गुन्हेगार म्हटलं नाही. शिधा दिला, छप्पर दिलं, शाळा काढल्या, धंद्याला कर्ज दिलं. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई द्यायला १९५४ साली खास कायदा केला. आणि घर गेलं तरी लिहिता येणं, हिशेब येणं, बाजार ओळखणं या गोष्टी सरहद्दीवर कुणी काढून घेऊ शकत नाही. ज्यांच्याकडे शहरातल्या घराचे कागद होते त्यांना भरपाई मिळाली, ज्यांच्याकडे नव्हते ते सिंधीही पुढे वर्षानुवर्षं ओढगस्तीतच राहिले. त्यांच्या भाषेला मात्र आपलं असं राज्य मिळालं नाही, १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा तेवढी मिळाली.

हे फक्त आपल्याकडेच होतं का? अजिबात नाही. अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे, कडाक्याच्या थंडीचं. तिथे स्वीडनहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत, आणि आशियातल्या लाओस देशातून आलेली कुटुंबंही आहेत. स्वीडिश घरं आज खाऊनपिऊन सुखी, शिकलेली, शेतीवाडी आणि नोकऱ्यांत स्थिरावलेली. लाओसच्या मंडळींची पहिली पिढी मात्र कारखान्यात आणि साफसफाईच्या कामात राबली. आता कुणी म्हणेल, गोरे लोक मुळातच हुशार! पण स्वीडिश लोक काही श्रीमंत म्हणून आले नव्हते. १८६७ ते १८६९ या वर्षांत त्यांच्या देशात असा दुष्काळ पडला की लोकांनी पिठात झाडाची साल मिसळून भाकरी केली. तिथून उपाशी निघालेल्यांना अमेरिकेत काय मिळालं? १८६२ च्या कायद्याने डोकं टेकायला १६० एकर जमीन! ती जमीन ज्या मूळच्या डकोटा लोकांची होती, त्यांना मिनेसोटातून हाकलून दिलं होतं, तो वेगळाच हिशेब. पण स्वीडिश माणसाला पाय ठेवायला भुई मिळाली आणि वर शंभर-सव्वाशे वर्षं मिळाली.

लाओसचे लोक आले १९७५ नंतर. त्यांच्या देशावर अमेरिकेनेच १९६४ ते १९७३ अशी नऊ वर्षं बॉम्ब टाकले होते. मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडच्या छावण्यांत गेले, तिथून परक्या देशात उतरले. त्यांच्यातल्या डोंगरी हमोंग लोकांच्या बोलीला सोयीची लिपी मिळाली तीच मुळी १९५० च्या दशकात. जमीन वाटण्याचे दिवस तेव्हा कधीच संपले होते. तरी बघा, छावणीतून गेलेल्या या समाजातली मी मुआ नावाची बाई २००२ साली मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आली, आणि २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुनी ली या हमोंग घरच्या मुलीने जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक पटकावलं. म्हणजे दार उघडलं की तिथलीही पोरगी धावते.

आपल्याकडचीही धावते. गहुलीच्या तांड्यावरचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होतेच ना! एक माणूस वर गेला म्हणून सगळा तांडा वर जात नाही, हे खरं. पण 'रक्ता'ची गोष्ट खोटी पाडायला एवढं उदाहरण पुरे.

आता प्रत्यक्षात अडतं कुठे, ते सांगते. तांड्यावरच्या एका मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' गटात येतो. गंमत बघा, तेलंगणात हीच जात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. आपल्याकडे दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, तोही बापाच्या बाजूचा. आई माझ्यापुढे हताश होऊन बसली. म्हणाली, "ताई, माहा सासरा पालात जन्मला. पालाले घर नंबर राहते का वो?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते? ज्या मारवाडी आजींबद्दल मी लिहिलं, त्यांच्याकडे चार पिढ्यांच्या वह्या आहेत, लाल बासनात बांधलेल्या. सिंधी शेजाऱ्यांकडे छावणीचे कागद आहेत. तांड्याच्या पिढ्या भाटांच्या तोंडी होत्या, आणि तोंडी पिढी कचेरीत चालत नाही. आम्ही तीन आठवडे फिरलो. शेवटी मुलीच्या चुलत आजोबांचं नाव एका खेड्यातल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडलं. साल १९५८. गुरुजींनी जात स्वच्छ अक्षरात लिहिली होती. त्यांचे किती आभार मानावेत! मुलगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीला असं रजिस्टर मिळालं नाही, प्रवेशाची तारीख निघून गेली आणि त्या दिवाळीनंतर ती आईबरोबर उसाला गेली. दोघींचे मार्क जवळपास सारखे होते.

बचत गटाचा प्रश्न मात्र सुटला, आणि तो त्या तांड्यावरच्या बायकांनीच सोडवला. त्या म्हणाल्या, "आमाले दसऱ्याच्या आंगं उचल भेटते. सहा महिन्याचे हप्ते तवाच घ्या ना आगाऊ." इतका साधा उपाय आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता! आज त्या दोघींचा एकही हप्ता थकलेला नाही. 'हप्ता कोन भरन' म्हणणाऱ्या ताईंनीच गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकीच्या शेळीपालनाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली.

मैत्रिणींनो, हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी शिक्षिका असेल, कुणी अंगणवाडी ताई, आशा ताई, सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य. तुमच्या गावाजवळ तांडा असेल, तर एक काम करा. आठवी-नववीतल्या मुलींच्या घरी आत्ताच विचारा, आजोबांचा जुना पुरावा आहे का? नसेल तर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा, भाऊबंदांपैकी कुणाकडे असलेलं वैधता प्रमाणपत्र यांचा शोध सुरू करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून उपयोग नसतो, तोवर खिडकी बंद झालेली असते. जुनी रजिस्टरं वाळवीच्या तोंडी जातायत, तीही वाचवा.

आणि दुसरं. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचं केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केलं आहे. प्रगणक घरी येईल तेव्हा तांड्यावरची निम्मी माणसं फडावर असतील, दाराला कडी असेल. कोण कुठे गेलंय, घरात किती लेकी आहेत, हे शेजारणीला ठाऊक असतं. तिने ते त्याला नीट सांगितलं, तर त्या लेकींच्या नातवंडांना एक तरी कागद मिळेल.